बाईंच्या अक्षराला मुदत नाही

नाही, पण मला एक सांगा, दुधाच्या पिशवीवर तारीख असते की नाही? औषधाच्या बाटलीवर असते, गॅसच्या नळीवर असते, आमच्या जिन्यात आग विझवायचं लाल नळकांडं टांगलंय त्यावर तर बोटभर जाडीची तारीख आहे, ती उलटून चार वर्षं झाली तो भाग वेगळा, पण तारीख आहे. मग लायसन्सवर नको? चांगलं दीड-दोन पानी लायसन्स, कोणी काय करावं, कोणी काय करू नये, सगळं कलमवार लिहिलंय, आणि कधीपर्यंत करावं ते कुठंच नाही. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, चष्मा पुसून वाचलं... मुदत लिहिलेलीच नाही हो.

आता तुम्ही विचाराल, कसलं लायसन्स, गाडीचं? अहो, गाडीचं असतं तर काय हवं होतं, कधीतरी संपलं असतं. फॉन्टचं. तुम्ही मोबाइलवर वाचता, औषधाच्या खोक्यावर वाचता, दुकानाच्या पाटीवर वाचता, ती अक्षरं कुणीतरी पाठ मोडेपर्यंत बसून काढलेली असतात, आणि असे बसणारे जे थोडे लोक आहेत त्यातला मी एक. वय अठ्ठेचाळीस, चष्म्याचा नंबर विचारू नका. माझ्या सख्ख्या मामाला अजून वाटतं मी टायपिस्ट आहे. भेटला की विचारतो, "काय रे, मिनिटाला किती शब्द?" मी म्हणतो, मामा, वर्षाला एक फॉन्ट. तो म्हणतो, "वेग वाढव."

तर या धंद्यात असल्यामुळे मी आईच्या अक्षराचा फॉन्ट केला, आणि माझे ग्रह फिरले म्हणतात ते तिथून फिरले.

आई म्हणजे शाळेतल्या बाई. छत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या इमारतीत तिला सगळे बाईच म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. आणि अक्षर... तुम्हाला सांगतो, खाली पत्रपेट्यांवर सगळ्यांची नावं तिनंच ब्रशनं काढलेली आहेत, मुलांच्या वह्यांची लेबलं तिची, कुणाला पार्सल पाठवायचं असलं की पत्ता घालायला तिच्याकडे. उभा काना सरळ, वेलांटी भरदार, आणि ओळ अशी की खाली पट्टी ठेवा. इमारतीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं, हे बाईंचं.

तीन वर्षांपूर्वी तो हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग ठसठशीत. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. आई घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली, अर्धं सांडलं, आणि म्हणाली, "हे कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, बरं. "समोरच्यांनासुद्धा नाही." मी म्हटलं, बरं. "शपथ घे." आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी... नाही, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी, मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

समोरच्या म्हणजे समोरच्या काकू. आमच्या दारासमोर त्यांचं दार, मधे चार पावलांची मोकळी जागा, तिथं काकूंच्या अकरा कुंड्या. तीस वर्षं रोज दुपारी चार वाजता काकू आमच्याकडे चहाला येतात. रोज. मला मिसरूड फुटलं तेव्हापासून घड्याळात चार वाजले की दारात काकू. तर त्यांच्यापासून लपवायचं कसं? आईनं शोधून काढलं. चहा आणायचा मी. आईचा कप टेबलावर ठेवायचा. आई म्हणायची, "मला बाई गरम सोसत नाही अलीकडे," हात शालीखाली, मांडीवर घट्ट. काकू तासभर बोलायच्या, बोलायचं काम काकूंचं आणि ऐकायचं आईचं हे तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या लक्षात काही आलं नाही. काकू गेल्या की आई तो गार चहा दोन्ही हातांनी धरून प्यायची. मी तोवर स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायचो.

हात थांबला तरी अक्षर राहावं म्हणून फॉन्ट केला हो. हौस नव्हती ती. तिच्या जुन्या वह्या काढल्या, टाचणवह्या, एक-एक अक्षर उचललं, जोडाक्षरं धरून आठशेच्या वर आकृत्या, सात महिने. आई मागे येऊन उभी राहायची. "हा ळ माझा नाही." मी परत काढायचो. "हा पण नाही." परत. सातव्या ळ ला म्हणाली, "हां, हा मीच." ज्या दिवशी झाला त्या दिवशी पडद्यावर एक पान भरून मजकूर दाखवला. सगळी तिची अक्षरं, एकही थरथरत नव्हतं. आईनं काचेवर बोट ठेवून पहिली ओळ वाचली. मला वाटलं आता रडते. म्हणाली, "शुद्धलेखन तपास."

मी विचारलं, विकायचा का? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात शिट्टी मारली. "अक्षर काय विकायची गोष्ट आहे? छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, ज्याला हवं त्यानं बघून गिरवलं. ज्याला हवं त्याला देऊन टाक." म्हणून मी तो खुल्या लायसन्सखाली सोडला. खुलं म्हणजे काय, ऐका, मला आता पाठ आहे, आंघोळ करताना म्हणतो. कुणीही वापरावा. कुणीही छापावा, पुस्तकात घालावा, पाटीवर घालावा, पिशवीवर घालावा. दुसऱ्याला द्यावा. आवडला नाही तर उघडून बदलावा. फक्त नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नये, देताना लायसन्सचा कागद सोबत द्यावा, बदलला तर मूळ नाव लावू नये, आणि बदललेलाही असाच खुला ठेवावा. बस. इतकं सरळ, इतकं सज्जन लायसन्स... आणि त्या दिवशी आईनं विचारलं नाही की किती दिवसांसाठी, आणि मला, ज्याचा हा धंदा आहे त्याला, बघावंसं वाटलं नाही. मुदत लिहिलेलीच नाही हो.

पुढं वर्षभर काही झालं नाही. दोन-चार लोकांनी वापरला, एका बालवाडीनं फलक केला, आईला दाखवला, आई खूश. मग आमच्या सोसायटीच्या सचिवांना सापडला.

आमचे सचिव. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तुम्हाला तसं वाटणार आहे. आयुष्यभर तपासनीस होते. निवृत्त झाले तरी तपासणं राहिलं. जिन्यातून जाताना कठड्यावरून बोट फिरवतात आणि बोट बघतात. त्यांची खंत एकच, त्यांनी लावलेल्या सूचना कुणी वाचत नाही. आणि एक दिवस त्यांना बाईंच्या अक्षराचा फॉन्ट मिळाला. मला जिन्यात गाठून म्हणाले, "अहो, कमाल आहे, काल सूचना लावली, आज सायकली हलल्या. सहा वर्षं मी छापत होतो, कुणी ढुंकून बघितलं नाही. बाईंचं अक्षर दिसलं की लोक सरळ होतात." मला अभिमान वाटला. खरं सांगतो, मी घरी येऊन शीळ घातली.

आणि मग ती सूचना लागली. 'जिन्यात व दारांसमोर ठेवलेल्या कुंड्या तीन दिवसांत हलवाव्यात. अन्यथा फेकून देण्यात येतील. कोणाचेही काहीही ऐकून घेतले जाणार नाही.' खाली सही नाही, आमच्या इमारतीत सूचनेखाली सही करत नाहीत, 'व्यवस्थापन' लिहितात. पण अक्षर आईचं. ळ सकट.

आता तुम्ही काकूंच्या जागी उभे राहा. तीस वर्षं ज्या बाईकडे रोज चार वाजता चहाला जाता, ती बाई तोंडावर बोलत नाही, चहा पाजते, हसते, आणि खाली जाऊन फलकावर लिहिते की तुमच्या कुंड्या फेकून देईन. ते पण 'कृपया' न लिहिता. काय वाटेल?

काकूंनी अकराच्या अकरा कुंड्या एका दुपारीत आत नेल्या आणि चार वाजता आल्या नाहीत.

आई खाली उतरत नाही, तीन मजले, गुडघे. तिनं काही फलक बघितला नव्हता. चार वाजता दोन कप ठेवायला लावले. सव्वाचार. साडेचार. "बघ रे जरा, बरं नाही का तिला?" मी म्हटलं, पाहुणे असतील. दुसऱ्या दिवशी परत दोन कप. "कुंड्या कुठं गेल्या?" मी म्हटलं, ऊन कमी पडत होतं. तिसऱ्या दिवशी काकूंचं दार वाजलं तशी आई सावरून बसली, शाल मांडीवर ओढली, आणि काकूंची पावलं जिना उतरून गेली. आई म्हणाली, "माझं काही चुकलं का?" आणि मला सगळं ठाऊक असून मी गप्प बसलो, कारण सांगायचं म्हणजे फॉन्ट मीच सोडला तिथपासून सांगावं लागलं असतं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मी काकूंकडे गेलो. दार चार बोटं उघडलं. मी म्हटलं, काकू, ती सूचना आईनं लिहिली नाही, कॉम्प्युटरनं लिहिली. काकू म्हणाल्या, "बाईंचं अक्षर मी ओळखत नाही?" मी म्हटलं, अक्षर तिचंच आहे, पण लिहिलं सचिवांनी. काकू म्हणाल्या, "म्हणजे अक्षर तिचं आणि हात सचिवांचा?" बरोबर, मी म्हटलं, अगदी बरोबर, मी तिचं अक्षर सगळ्यांना देऊन टाकलंय. माझ्या जिभेवर आलं होतं, काकू, तिला पेन धरता येत नाही हो आता... आणि शपथ आठवली, गिळलं. मग काकू म्हणाल्या, "बरं. दिलंस ना? मग परत घे. तू परत घेतलंस की त्यांच्या चिठ्ठ्या बंद होतील. बंद झाल्या की मी समजेन तू खरं बोलत होतास, आणि मी चहाला येईन." आणि दार लावलं.

किती सोपी अट. परत घे. मी पळत घरी आलो, लायसन्स उघडलं, म्हटलं असेल कुठंतरी, दोन वर्षं, पाच वर्षं, मालकाच्या मर्जीनुसार... तुम्हाला माहीतच आहे. मुदत लिहिलेलीच नाही हो.

गेलो आतेभावाकडे. आतेभाऊ वकील आहे. त्याच्या ऑफिसात फायलींनी खुर्च्या भरलेल्या, पक्षकार उभे. त्यानं लायसन्स वाचलं, त्याची सवय अशी की प्रत्येक वाक्याआधी 'तत्त्वतः'. "तत्त्वतः," म्हणाला, "फारच चांगलं लायसन्स आहे." मी म्हटलं, मुदत किती? "तत्त्वतः, मुदत लिहिलेली नाही." ते मला दिसतं रे, पण म्हणजे किती? "म्हणजे तुझा हक्क जोवर आहे तोवर." आणि माझा हक्क कधी संपतो? "तत्त्वतः, तू मेल्यावर." मी म्हटलं, चालेल, पुढं? "लगेच नाही. मेल्यावर वर आणखी पन्नास-साठ वर्षं, कुठं सत्तर." मग थांबेल? "मग कशाला थांबेल? मग तर लायसन्सही लागत नाही, मग ते सगळ्या जगाचंच." मी म्हटलं, म्हणजे मी जिवंत असताना लोक परवानगीनं वापरणार आणि मेल्यावर परवानगीशिवाय? म्हणाला, "तत्त्वतः."

मी म्हटलं, काही पळवाट? तर म्हणाला, पुढची आवृत्ती तुझी आहे, ती तू बंद ठेवू शकतोस. पण जी सोडलीस ती सोडलीस, ज्याच्याकडे गेली त्याच्याकडून परत घेता येत नाही. मी घरी येऊन रात्रीचा दिवस करून नवी आवृत्ती काढली, बंद, आणि सचिवांना म्हटलं, जुनी काढून ही घाला, ही जास्त सुबक आहे. सचिव म्हणाले, "नको, जुनी छान चालतेय. मी चालू वस्तूला हात लावत नाही."

परत आतेभाऊ. आता तो म्हणाला, एकच मार्ग आहे. अट मोडली की मोडणाऱ्यापुरतं लायसन्स तिथल्या तिथं रद्द. सचिवांनी अट मोडलेली पकड. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या पक्षकाराला मिठी मारली. म्हटलं, आहे काय नि नाही काय, दोन पानी कागद, तो आजवर कुणी पूर्ण वाचलाय? लोक खाली जाऊन 'मान्य आहे' दाबतात. सचिवांनी काहीतरी मोडलं असणारच.

सचिवांच्या घरी गेलो. म्हटलं, सहज आलो. काय हो, तो फॉन्ट तुम्ही आणखी कुणाला दिलात? म्हणाले, "दिला ना, मागच्या इमारतीच्या सचिवांना." मी पुढं सरकून विचारलं, सोबत लायसन्सचा कागद दिलात? त्यांनी उठून कपाट उघडलं, फाइल काढली, लायसन्स प्लॅस्टिकमध्ये घालून, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीनं रेघा मारून ठेवलेलं. "प्रत टाचून दिली. पोच घेतली." मी म्हटलं, बदलबिदल काही केलात? "केला. 'थुंकू नये'साठी अक्षर जरा जाड हवं होतं. मुलीकडून करून घेतलं." सापडला, मी मनात म्हटलं, सापडला. मग त्याला नाव काय दिलंत? सचिव म्हणाले, "मूळ नाव लावता येत नाही ना, अट आहे. म्हणून 'सोसायटी ठळक' ठेवलं. खुलाच ठेवलाय, बदललेला खुला ठेवावा लागतो. तुम्हाला हवाय?" अख्ख्या पृथ्वीवर लायसन्स शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो.

मग मी सरळ हात जोडले. म्हटलं, नियमबियम राहू द्या, एक विनंती, बाईंचं अक्षर सूचनांना वापरू नका. ते गोंधळले. मनापासून गोंधळले हो. "पण बाईंचा तर मान वाढलाय. आणि हे आम्हा समितीच्या चौघांच्या बैठकीत ठरलंय, सूचना याच अक्षरात. बदलायचं तर पुढच्या वार्षिक बैठकीत मांडा." वार्षिक. दहा महिने बाकी. बघा, त्याला मुदत होती.

आणि दुसऱ्याच दिवशी सचिवांनी टाकी धुण्याची सूचना दारोदार खालून सरकवली. मी बाहेर गेलो होतो. परत आलो तर आई दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर तो कागद. चेहरा पांढरा. मला म्हणाली, "हे मी कधी लिहिलं रे?"

मला आधी कळलंच नाही, तिच्या मनात फॉन्ट म्हणजे पडद्यावरची आणि बालवाडीच्या फलकावरची गोष्ट, साधा कागद तिनं त्यात कधी पाहिलाच नव्हता. ती म्हणाली, "हे अक्षर माझं आहे. मला आठवत नाहीये. मी... आता डोकंही गेलं का माझं?" 

मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. सचिव, सूचना, कुंड्या, काकू, आतेभाऊ, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. आई ऐकत राहिली. डोकं शाबूत आहे एवढं कळल्यावर जरा रंग आला तोंडावर. मग विचारलं, "किती दिवस चालायचं हे?" मी म्हटलं, आई, कायमचं. "माझ्यानंतर?" हो. "तुझ्यानंतर?" हो. मग म्हणाली, "मग 'कृपया' तरी लिहायला हवं होतं माणसानं."

आणि म्हणाली, "पेन आण."

मी म्हटलं, आई, नको. "आण म्हटलं ना." कागद आणला, खाली पाटी धरली, मनगट धरू का विचारलं, तर हात झटकला. तीन ओळी. 'कुंड्यांची सूचना मी लिहिलेली नाही. मला लिहिता येत नाही. हात चालत नाही.' तीन ओळींना पाऊण तास. काना सापासारखा, वेलांटी एकीकडे अक्षर दुसरीकडे, ळ चं तर... जाऊ द्या. ज्या बाईनं डॉक्टरांकडून आल्यावर शपथ घातली होती, ती मला म्हणाली, "खाली फलकावर लाव. सगळ्यांना कळू दे. तिला कळलं पाहिजे." मी लावली. वर येताना प्रत्येक पायरीवर वाटत होतं, उतरवावी परत.

संध्याकाळी चिठ्ठी फलकावर नव्हती. सकाळी तिच्या जागी सचिवांची नवीन सूचना होती, ठळक, ताजी, आईच्या टपोऱ्या अक्षरात. 'काही व्यक्ती बाईंच्या अक्षराची नक्कल करून खोट्या चिठ्ठ्या लावत आहेत. बाईंचे अक्षर सर्वांच्या परिचयाचे आहे. असले प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत.'

मी तिथंच पायरीवर बसलो. हसावं की काय करावं कळेना. दुधवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण असेल हो असलं करणारं?"

आणि त्या दिवशी चार वाजता बेल वाजली.

काकू. तावातावानं आत आल्या, खुर्चीत बसल्या, त्यांच्याच खुर्चीत, आणि हातातला चुरगळलेला कागद टेबलावर आपटला. "बघ. हे बघ. मी पहिल्यांदा वाचलं आणि फाडूनच काढलं, नेऊन दाखवलं सचिवांना. तुझ्या नावानं कुणीतरी असलं गचाळ लिहून लावतं, हात चालत नाही म्हणे, अभद्र कुठलं! आपलं काय ते भांडण आपल्यात, पण तुझ्या अक्षराची अशी विटंबना मी बघून घेणार नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात. हातात चहाचं पातेलं. आईकडे बघतोय. शाल मांडीवर, हात शालीखाली. आता सांगेल. एक शब्द बोलली की झालं, हात बाहेर काढून दाखवला की झालं.

आईनं कागदावर वाकून नीट बघितलं. वह्या तपासताना बघायची तसं. आणि म्हणाली, "शी. काय हे अक्षर. दहातले दोनसुद्धा द्यायची नाही मी."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "आणि कुंड्यांचं म्हणशील तर राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण निदान तू स्वतः लिहिलंस. स्वच्छ लिहिलंस."

आई म्हणाली, "चुकलं गं माझं. कृपया लिहायचं राहिलं."

मग काकू रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पातेलं खाली ठेवलं. "आणि हे कुणाचं काम आहे ते मला कळतं हो. अक्षराचा धंदा कोण करतो इमारतीत? आईच्या अक्षराची नक्कल करतोस? लाज नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते, काकू. आई म्हणाली, "जाऊ दे, लहान आहे." तेव्हापासून इमारतीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. आईच्या अक्षराची नक्कल मी केली हे तर खरंच आहे, फक्त सगळे चुकीच्या कागदाकडे बोट दाखवतात, त्याला मी काय करणार.

काकू सहाला गेल्या. आईनं गार चहा दोन्ही हातांनी उचलला. मी म्हटलं, आई, सांगायचं होतंस की. एवढं लिहिलंस ते कशासाठी? ती म्हणाली, "ती यावी म्हणून. आली ना?" मी म्हटलं, पण सचिव असंच चालू ठेवणार, रोज काहीतरी लावणार तुझ्या अक्षरात, उद्या चपलांचं, परवा कचऱ्याचं. आई एक घोट घेऊन म्हणाली, "मी गेल्यावरही लावतील ना? मुदत नाही म्हणालास."

मी म्हटलं, नाही.

"मग झालं तर. मी नसले तरी ती वाचेल, चिडेल, आणि भांडायला वर येईल. दार उघड तिला. साखर दीड चमचा घेते."